रात्रीचा बॅकअप क्लाउडवर खरोखर पोहोचतो का? पाणी नेमके कुठे मुरते ते शोधण्याची रीत

एका छोट्या पतसंस्थेच्या सर्व्हरची हार्ड डिस्क बंद पडली, तेव्हा मदतीसाठी मला बोलावणे आले. रोज रात्री दोन वाजता बॅकअप क्लाउडवर जातो हे संस्थेत सर्वांना ठाऊक होते आणि बकेट, म्हणजे क्लाउडवरील साठवणीची जागा, उघडून पाहिल्यावर ते खरेही निघाले. तीस तारखांच्या तीस फाइल ओळीने मांडलेल्या होत्या, नावे बिनचूक होती, एकही रात्र चुकलेली नव्हती. मात्र आकाराच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच आकडा होता : २० बाइट. फाइल दाबून लहान करणाऱ्या जीझिप या प्रोग्रामला आत काहीही न देता चालवले, तर जी रिकामी तरीही नियमाला धरून असलेली फाइल तयार होते, तिचा आकार नेमका एवढाच असतो. दीड महिन्यापूर्वी कोणीतरी डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता आणि स्क्रिप्टमध्ये जुनाच राहिला होता. तीस दिवसांहून जुन्या फाइल आपोआप पुसण्याचा नियम बकेटवर लावलेला असल्यामुळे शेवटची चांगली प्रतही त्या दीड महिन्यात गेली होती. पुढचे कित्येक दिवस तिथल्या कर्मचाऱ्यांनी कागदी व्हाउचर समोर ठेवून एकेक नोंद पुन्हा भरली. त्या टेबलांवर रचलेले व्हाउचरचे गठ्ठे मला आजही दिसतात, आणि अशी वेळ दुसऱ्या कोणावर येऊ नये म्हणून तेव्हापासून मी जी पद्धत वापरतो ती येथे सविस्तर मांडत आहे.

उदाहरणासाठी मी सर्वांत जास्त आढळणारी मांडणी घेतली आहे : उबुंटूचा सर्व्हर, त्यावर मायएसक्यूएल डेटाबेस, ठरलेल्या वेळी कामे सुरू करणाऱ्या क्रॉनमधून चालणारी बॅश स्क्रिप्ट (बॅश म्हणजे आज्ञा चालवणारे शेल) आणि ॲमेझॉनच्या मुंबई विभागातील एस-थ्री या साठवण-सेवेतील बकेट. आरक्लोन (क्लाउडवर फाइल नेणारे साधन) किंवा रेस्टिक (कूटबद्ध बॅकअप घेणारे साधन) वापरणाऱ्यांसाठी वेगळ्या बाबी त्या त्या ठिकाणी सांगितल्या आहेत. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअरचा पुण्यातील विभाग वापरणाऱ्यांनाही ही रीत उपयोगी पडेल, फक्त तिथे परवानग्यांची नावे वेगळी असतात.

शोध शेवटच्या टोकापासून सुरू करावा

बॅकअप बिघडला असे कळताच बहुतेक जण आधी स्क्रिप्ट उघडतात. माझे सांगणे असे आहे की आधी बकेट उघडावी. वेळेवर काम सुरू होणे, डेटाबेसमधून मजकूर काढणे, तो दाबून लहान करणे, पाठवणे आणि जपून ठेवणे अशी ही साखळी आहे. तिच्यातील कोणतीही कडी तुटली तरी खूण शेवटच्या टोकाला उमटते आणि ती खूण वाचता आली की अर्धे काम तिथेच संपते.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट मात्र न चुकता करावी. जुन्या प्रती पुसणारा नियम, मग तो बकेटवरचा असो की स्क्रिप्टमधला, तात्पुरता थांबवावा. आपण कारण शोधण्यात दोन आठवडे घालवले तर तेवढ्या काळात दोन आठवड्यांच्या चांगल्या प्रती हातच्या जातात.

आता यादी वाचावी. फाइलच नसेल, तर काम सुरू झालेले नाही किंवा पाठवताना अडले आहे. फाइल आहे पण काही बाइटांचीच आहे, तर डेटाबेसने काहीच दिलेले नाही. आकार काल-परवापेक्षा अचानक निम्म्यावर आला असेल, तर मजकूर मध्येच तुटला आहे आणि अशा वेळी बहुधा डिस्क भरलेली असते किंवा डेटाबेसशी असलेली जोडणी तुटलेली असते. आकार चांगला मोठा असूनही महिनाभर एका बाइटानेही बदललेला नसेल, तर रोज नोंदी वाढत असलेल्या संस्थेत ते अशक्य आहे. तिथे एकच जुनी फाइल पुन्हा पुन्हा पाठवली जात असणार.

तारखांकडे पाहताना घाई करू नये. क्लाउडवरील सर्व्हरचे घड्याळ बहुतेक वेळा जागतिक वेळेवर लावलेले असते आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे असते. त्यामुळे क्रॉनमध्ये दोन वाजता लिहिलेले काम आपल्याकडे सकाळी साडेसातला चालते. आपल्या रात्री दोनच्या हिशेबाने जागतिक वेळेच्या रात्री साडेआठ वाजता लावले, तर फाइलच्या नावावर आदल्या दिवसाची तारीख पडते. हा दोष नाही, पण तो समजला नाही तर माणूस नसलेला बिघाड शोधत बसतो.

हाताने चालते, क्रॉनमधून चालत नाही

ही तक्रार इतकी वेळा येते की तिच्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. आपण लॉगिन करून स्क्रिप्ट चालवतो तेव्हा आपल्या खात्याचे सगळे वातावरण तिला मिळते; क्रॉन मात्र तिला जवळजवळ रिकाम्या खोलीत चालवतो. प्रोग्राम शोधण्यासाठी क्रॉनला दिलेला मार्ग सहसा केवळ दोन फोल्डरांचा असतो, यूएसआर-बिन आणि बिन. ॲमेझॉनच्या क्लाउडला आज्ञा देणाऱ्या एडब्ल्यूएस सीएलआय या प्रोग्रामची दुसरी आवृत्ती अधिकृत पद्धतीने बसवली की ती यूएसआर-लोकल-बिनमध्ये जाते. हे तिसरे फोल्डर क्रॉनच्या यादीत नसल्यामुळे 'कमांड नॉट फाउंड' असा संदेश येतो आणि काम तिथेच थांबते. स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच हा मार्ग, म्हणजे पाथ, पूर्ण लिहून टाकावा किंवा प्रत्येक प्रोग्रामचा संपूर्ण पत्ता द्यावा. ज्या खात्याने काम चालते त्याचे होम फोल्डरही तपासावे, कारण आरक्लोनची मांडणी आणि ॲमेझॉनच्या किल्ल्या त्या खात्याच्या होममध्येच शोधल्या जातात. आपण स्वतःच्या नावाने मांडणी केली आणि क्रॉन रूट या मुख्य प्रशासकीय खात्याच्या नावाने लावला, तर रूटला त्यातले काहीच सापडत नाही.

दुसरा दोष टक्क्याच्या चिन्हाचा आहे. फाइलच्या नावात तारीख घालण्यासाठी आपण डेट आज्ञेत टक्क्याचे चिन्ह वापरतो. क्रॉनटॅबच्या, म्हणजे क्रॉनच्या कामांच्या यादीच्या, ओळीत ते चिन्ह नवी ओळ म्हणून वाचले जाते, म्हणजे आज्ञा तिथेच तुटते आणि उरलेला भाग आज्ञेला आतून मिळणारा मजकूर ठरतो. टक्क्याच्या आधी उलटी तिरपी रेघ द्यावी, किंवा त्याहून उत्तम म्हणजे तारखेचा सगळा भाग स्क्रिप्टमध्ये न्यावा आणि क्रॉनटॅबमध्ये फक्त स्क्रिप्टचा पत्ता ठेवावा.

तिसरा दोष उबुंटू आणि डेबियनवर हमखास आढळतो. क्रॉन-डेली या फोल्डरमध्ये स्क्रिप्ट ठेवली आणि तिच्या नावात टिंब असले, म्हणजे 'बॅकअप डॉट एसएच' असे नाव असले, तर ती कधीच चालत नाही. त्या फोल्डरमधील फाइल चालवणारा रन-पार्ट्स हा प्रोग्राम टिंब असलेली नावे वगळतो आणि तसे सांगतही नाही. नावातून शेपूट काढले की काम सुरू होते.

क्रॉनच्या लॉगमध्ये ओळ दिसली म्हणून निश्चिंत होऊ नये. ती ओळ काम सुरू झाले एवढेच सांगते, ते पार पडले की नाही याबद्दल काहीच सांगत नाही. स्क्रिप्टने छापलेला मजकूर क्रॉन मेलने पाठवू पाहतो, पण सर्व्हरवर मेलची व्यवस्था नसेल तर 'नो एमटीए इन्स्टॉल्ड, डिस्कार्डिंग आउटपुट' असे लॉगमध्ये लिहून तो मजकूर टाकून देतो, म्हणजे चुकीचे खरे कारण तिथेच हरवते. यासाठी क्रॉनटॅबच्या ओळीतच साधा मजकूर आणि चुकांचे संदेश दोन्ही एका लॉग फाइलमध्ये वळवावेत. बिघाड दिवसा पुन्हा घडवून पाहायचा असेल तर एन्व्ह आज्ञा 'आय' पर्यायासह वापरून स्क्रिप्ट रिकाम्या वातावरणात चालवावी. रात्री दोनपर्यंत जागत बसण्याची गरज उरत नाही.

रिकामी फाइल यशस्वी का ठरते

पतसंस्थेतील त्या २० बाइटांचे मूळ इथे आहे. मायएसक्यूएल-डंप या प्रोग्रामने डेटाबेसमधून काढलेला मजकूर, म्हणजे डंप, नळीतून (एका आज्ञेकडून दुसरीकडे थेट) जीझिपकडे आणि तिथून पुढे पाठवणाऱ्या आज्ञेकडे जातो, तेव्हा सबंध ओळीचा निकाल शेवटच्या आज्ञेवरून ठरतो. डंप पासवर्डपाशीच अडला, जीझिपने शून्य मजकूर नीट दाबला, पाठवणाऱ्याने ती फाइल नीट पोहोचवली आणि ओळ यशस्वी ठरली. उपाय एका ओळीचा आहे. स्क्रिप्टच्या आरंभी सेट आज्ञेने पाइपफेल हा पर्याय चालू करावा, म्हणजे नळीतील कोणतीही आज्ञा चुकली तरी पूर्ण ओळ चुकलेली मानली जाते. सोबत चूक होताच थांबण्याचा आणि न ठरवलेले चल वापरले तर थांबण्याचा, असे दोन पर्यायही लावावेत. मात्र पहिल्या ओळीत बॅशचाच उल्लेख असल्याची खात्री करावी, कारण उबुंटूवर नुसते 'एसएच' म्हणजे बॅश नव्हे, डॅश नावाचे दुसरे शेल असते आणि त्याच्या अनेक आवृत्त्या पाइपफेल ओळखत नाहीत.

डिस्कवर जागा असेल तर मी थेट नळीतून पाठवणे टाळतो. आधी डंप डिस्कवर घ्यावा, त्याची तपासणी करावी आणि मगच पाठवावा. तपासणीही अवघड नाही. मायएसक्यूएल-डंप नेहमीच्या मांडणीत काम पूर्ण केल्यावर शेवटी 'डंप कम्प्लीटेड' अशी ओळ लिहितो. टेल आज्ञेने शेवटची ओळ वाचावी आणि ती नसेल तर पुढे जाऊच नये. दाबलेल्या फाइलवर जीझिपचा 'टी' पर्याय चालवला की ती मध्ये तुटलेली नाही हे कळते. पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांनी कस्टम स्वरूपात डंप घ्यावा आणि पीजी-रिस्टोअरच्या यादी पर्यायाने त्यातील तक्त्यांची नावे वाचून पाहावीत.

काही दोष अद्ययावतीकरणाबरोबर येतात. मायएसक्यूएल ८.०.२१ आणि ५.७.३१ पासून डंप घेणाऱ्या खात्याला प्रोसेस हा अधिकार नसेल तर टेबलस्पेसच्या (तक्त्यांच्या साठवण-जागेच्या) नावाने तक्रार येते. बॅकअपसाठी वेगळे, कमी अधिकारांचे खाते ठेवणाऱ्या काळजीवाहू लोकांनाच ही अडचण आली, हे वाईट वाटण्यासारखे आहे. डंपच्या आज्ञेत नो-टेबलस्पेसेस हा पर्याय लिहिला की अधिकार न वाढवता प्रश्न सुटतो. इनोडीबी (मायएसक्यूएलचा नेहमीचा साठवण-प्रकार) तक्त्यांसाठी सिंगल-ट्रान्झॅक्शन हा पर्याय असावाच. त्याशिवाय डंप तक्त्यांना कुलूप लावून बसतो आणि लोक 'रात्री सॉफ्टवेअर अडकते' अशी तक्रार करू लागतात.

डिस्क भरल्याची शंका असेल तर डीएफ आज्ञा दोनदा चालवावी, एकदा नेहमीसारखी आणि एकदा 'आय' पर्यायासह. जागा शिल्लक असूनही लाखो बारीक फाइलमुळे आयनोड, म्हणजे फाइलच्या नोंदीच्या जागा, संपलेले असतात आणि संदेश मात्र 'जागा नाही' असाच येतो.

क्लाउडच्या दारात अडलेली फाइल

डंप चांगला आहे आणि तरीही फाइल पोहोचत नसेल, तर आधी संदेश शब्दशः वाचावा. 'रिक्वेस्ट टाइम टू स्क्यूड' असे असेल तर सर्व्हरचे घड्याळ चुकले आहे. प्रत्येक विनंतीवर वेळेचा शिक्का असतो आणि तो एस-थ्रीच्या घड्याळापेक्षा १५ मिनिटांहून अधिक मागे-पुढे असेल तर विनंती फेटाळली जाते. घड्याळ जुळवणारा क्रोनी हा प्रोग्राम चालू आहे का ते पाहावे. भारतात घड्याळ जुळवून ठेवणे ही केवळ सोय राहिलेली नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत सर्व्हरची घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी, अथवा त्यांच्याशी जुळलेल्या वेळेशी, जुळवण्यास सांगितले आहे.

'ॲक्सेस डिनाइड' हा संदेश जास्त फसवा आहे. फाइल ठेवण्याची परवानगी बकेटच्या आतील वस्तूंवर लागते, तर यादी पाहण्याची परवानगी खुद्द बकेटवर लागते. दोन्ही एकाच पत्त्यावर लिहिल्या की एक चालते आणि दुसरी चालत नाही. यादीची परवानगी नसलेल्या खात्याला अस्तित्वात नसलेली फाइल मागितल्यावरही 'सापडली नाही' असे उत्तर मिळत नाही, 'परवानगी नाही' असेच मिळते, आणि माणूस भलत्याच दिशेने शोध घेतो. बकेटवर केएमएस या ॲमेझॉनच्या सेवेतील कूटबद्ध करण्याची किल्ली लावलेली असेल तर लहान फाइल जाते आणि मोठी अडते असा विचित्र प्रकार दिसतो. मोठी फाइल तुकड्यातुकड्याने जाते आणि ते तुकडे जोडताना डिक्रिप्ट करण्याचीही परवानगी लागते. परवानग्या देताना एक पथ्य मी कटाक्षाने पाळतो : सर्व्हरवरील किल्लीला पुसण्याचा अधिकार देत नाही आणि बकेटवर व्हर्जनिंग (बदललेल्या फाइलची जुनी आवृत्ती जपणे) चालू ठेवतो, म्हणजे सर्व्हर कोणाच्या ताब्यात गेला तरी जुन्या प्रती त्याला पुसता येत नाहीत.

फाइल मोठी होत गेली आणि एके दिवशी अचानक जाईनाशी झाली, तर तुकड्यांचा हिशेब करावा. एका फाइलचे जास्तीत जास्त १०,००० तुकडे चालतात. डिस्कवरील फाइलचा आकार आधीच माहीत असल्याने सीएलआय तुकडा आपोआप मोठा करते, पण नळीतून येणाऱ्या मजकुराचा आकार तिला कळत नाही. म्हणून ५० जीबीहून मोठा मजकूर थेट नळीतून पाठवताना एक्स्पेक्टेड-साइज या पर्यायात अंदाजे आकार सांगावा लागतो. आरक्लोनमध्ये नळीतून पाठवताना मूळ मांडणीतील तुकडा ५ एमबीचा असल्यामुळे मर्यादा साधारण ४८ जीबीवर येते. तिथे चंक-साइज वाढवावा. अर्धवट राहिलेले तुकडे नेहमीच्या यादीत दिसत नाहीत, पण त्यांच्या जागेचे पैसे लागत राहतात. बिल वाढते आहे आणि फाइल दिसत नाही असे असेल, तर अपूर्ण मल्टिपार्ट (तुकड्यांनी होणाऱ्या) अपलोडची यादी वेगळ्या आज्ञेने काढावी आणि सात दिवसांनी असे तुकडे पुसण्याचा नियम लावावा. हा नियम पूर्ण झालेल्या प्रतींना हात लावत नाही.

ॲमेझॉनऐवजी एस-थ्रीशी जुळणारी दुसऱ्या कंपनीची साठवण वापरणाऱ्यांना जानेवारी २०२५ नंतर एक नवीन अडचण आली. सीएलआय २.२३ आणि बोटो-थ्री (पायथॉनसाठीची ॲमेझॉनची लायब्ररी) १.३६ पासून प्रत्येक अपलोडसोबत नव्या प्रकारचा चेकसम, म्हणजे मजकूर जुळवून पाहण्याचा आकडा, आपोआप जाऊ लागला आणि काही साठवणींना तो समजेना. रिक्वेस्ट चेकसम कॅल्क्युलेशन ही मांडणी 'व्हेन रिक्वायर्ड' अशी केली की जुनी वागणूक परत येते.

गुगल ड्राइव्हवर बॅकअप नेणाऱ्यांनी दिवस मोजावेत. दर सात दिवसांनी परवानगीचे टोकन संपत असेल, तर स्वतःसाठी नोंदवलेले ॲप गुगलच्या पटलावर अजून चाचणी अवस्थेत आहे असे समजावे. ते प्रकाशित अवस्थेत नेऊन पुन्हा लॉगिन केले की हा त्रास थांबतो.

वेगाचा हिशेबही एकदा कागदावर करावा. २० एमबीपीएस अपलोडच्या लाइनवरून १०० जीबी जायला अकरा तासांहून अधिक लागतात, म्हणजे रात्री सुरू झालेले काम दुपारी संपते आणि त्यात मोठा खंड पडला तर पुढच्या रात्रीच्या कामाशी त्याची गाठ पडण्याची वेळ येते. दोन कामे एकमेकांवर चढू नयेत म्हणून स्क्रिप्ट एका वेळी एकच काम चालू देणाऱ्या एफ-लॉकमधून चालवावी. रेस्टिकमध्ये 'रिपॉझिटरी इज ऑलरेडी लॉक्ड' असे दिसले तर आधी दुसरे काम खरोखर चालू नाही ना हे पाहावे आणि मगच अनलॉक करावे. रेस्टिकचा निकाल ३ हा आकडा असेल, तर प्रत तयार झाली पण काही फाइल वाचता आल्या नाहीत असा त्याचा अर्थ असतो. त्याला यश समजू नये.

आरक्लोनविषयी एक कळकळीची सूचना : बॅकअपसाठी सिंक वापरू नये, कॉपी वापरावी. सिंक म्हणजे स्रोतात जे नाही ते तिकडूनही पुसणे, आणि एखाद्या रात्री स्रोताचे फोल्डर माउंट न होता रिकामे राहिले, तर तो रिकामेपणा इमानेइतबारे क्लाउडवर उतरतो.

शांततेवर विसंबू नये

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या अभियंत्याकडून चुकीच्या सर्व्हरवरील डेटाबेसचे फोल्डर पुसले गेले. एस-थ्रीवरील बॅकअप पाहायला गेल्यावर बकेट रिकामी निघाली. डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ चा होता आणि डंप घेणारा प्रोग्राम ९.२ चा, त्यामुळे तो प्रत्येक वेळी चूक दाखवून थांबत होता. त्या चुकीचे मेलही निघत होते, पण डीएमएआरसी (खोटे मेल रोखणारी पद्धत) लागू असताना त्या मेलांवर योग्य सही नसल्यामुळे ते वाटेतच नाकारले जात होते. सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी घेतलेला एक स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) हाती लागला म्हणून बहुतांश माहिती वाचली. गिटलॅबने हे सगळे स्वतः प्रामाणिकपणे जाहीर केले, त्याबद्दल या क्षेत्रातील प्रत्येकाने त्यांचे ऋणी असावे असे मला वाटते.

चूक झाली तर मेल येईल, ही व्यवस्था मेलवरच अवलंबून राहते. तिच्याऐवजी यश मिळाले की खूण द्यावी आणि खूण न आल्यास आरडाओरडा व्हावा, अशी उलट मांडणी करावी. हेल्थचेक्ससारख्या साधनावर एक पत्ता मिळतो. स्क्रिप्टच्या अगदी शेवटच्या ओळीत, सर्व तपासण्या पार पडल्यावर, कर्ल या आज्ञेने त्याला हाक द्यावी. पहाटे चारपर्यंत हाक आली नाही तर फोनवर सूचना येते, मग कारण क्रॉनचे असो, डिस्कचे असो की सर्व्हरच बंद पडलेला असो. याखेरीज दुसऱ्या एखाद्या संगणकावरून रोज सकाळी दोन प्रश्न बकेटला विचारावेत : सर्वांत नवी फाइल २६ तासांच्या आतली आहे का, आणि तिचा आकार आदल्या दिवसाच्या ८० टक्क्यांहून अधिक आहे का. पतसंस्थेत हा दुसरा प्रश्न विचारला गेला असता तर पहिल्याच सकाळी उत्तर मिळाले असते.

परत उतरवून पाहणे

वरील सर्व दुरुस्ती झाल्यावरही काम संपलेले नसते. एक वेगळा संगणक घ्यावा, मूळ सर्व्हरवरची कोणतीही फाइल, किल्ली किंवा पासवर्ड त्यावर आणू नये आणि केवळ बकेटमधील प्रतीवरून डेटाबेस उभा करावा. प्रत कूटबद्ध केली असेल आणि तिचा पासवर्ड फक्त मूळ सर्व्हरवरच लिहिलेला असेल, तर ते इथेच उघडे पडते. रेस्टिकमध्ये पासवर्ड हरवला की माहितीही कायमची हरवते, म्हणून तो तिजोरीत कागदावर ठेवण्यात काहीही गैर नाही.

डेटाबेस उभा राहिल्यावर मोठ्या तक्त्यांतील ओळी मोजाव्यात, शेवटच्या नोंदीची तारीख पाहावी आणि प्रत्यक्ष वापरणाऱ्या माणसाला, शक्यतो हिशेब पाहणाऱ्यालाच, शेजारी बसवून दोन-तीन अहवाल काढून घ्यावेत. नोंदी सगळ्या आहेत पण अहवाल चालत नाही असे झाले, तर स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमध्येच साठवलेल्या आज्ञा) डंपमध्ये आलेल्या नाहीत. ट्रिगर आपोआप येतात. प्रोसिजर आणि इव्हेंट यांच्यासाठी रूटीन्स आणि इव्हेंट्स हे पर्याय वेगळे लिहावे लागतात. किती वेळ लागला तोही लिहून ठेवावा. प्रती ग्लेशियर डीप आर्काइव्हमध्ये, म्हणजे एस-थ्रीच्या स्वस्त पण संथ साठवणीत, असतील तर नेहमीच्या मार्गाने त्या मिळायला १२ तासांपर्यंत आणि स्वस्त मार्गाने ४८ तासांपर्यंत लागू शकतात, आणि सकाळी काउंटर उघडायचे असेल तेव्हा हा फरक फार मोठा असतो. अलीकडच्या दोन आठवड्यांच्या प्रती तरी नेहमीच्या साठवणीतच ठेवाव्यात.

ही चाचणी दर तीन महिन्यांनी करावी आणि ज्याने स्क्रिप्ट लिहिली त्याच्याऐवजी दुसऱ्या माणसाने, फक्त लिहिलेल्या सूचना वाचून करावी. तो जिथे अडेल तिथे सूचना अपुऱ्या आहेत. पहिली चाचणी अशी नीट पार पडली, प्रतीचे नाव, तारीख आणि लागलेली मिनिटे वहीत उतरली, की मगच सुरुवातीला थांबवलेला जुन्या प्रती पुसण्याचा नियम पुन्हा चालू करावा.